एकसष्टावा महिना

आयुर्विम्याच्या धंद्यात आलो तेव्हा एका गोष्टीबद्दल माझ्या मनात शंका नव्हती : ओळख हेच भांडवल. भावकी, सासुरवाडी, शाळेतले मित्र, तालमीतली पोरं, दूध संस्थेचे सभासद अशी यादी वहीत करायची आणि एकेक नाव घेऊन बाहेर पडायचं, हे पहिल्याच प्रशिक्षणात शिकवलं गेलं होतं. विमा कोणी मागून घेत नाही, तो विकावा लागतो, हे या धंद्यातलं जुनं वाक्य. ज्याला नाही म्हणणं जड जाईल अशा माणसासमोर बसायचं, प्रपोजल फॉर्मवर सही घ्यायची. सही झाली म्हणजे विक्री झाली, असं मी मनापासून मानत होतो.

आज माझं मत वेगळं आहे. सहीच्या दिवशी फक्त शब्द दिला जातो. विक्री त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं चालते. आणि ओळख खर्चून केलेल्या धंद्यापेक्षा, धंद्यातून जोडलेली ओळख जास्त टिकते.

जुन्या मताला आधार नव्हता असं नाही. आमच्या कमाईची रचनाच तशी होती. लांब मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी हप्त्याच्या २५ टक्क्यांपर्यंत कमिशन, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे पाच, असा हिशोब कित्येक वर्षं चालला. अलीकडे त्यात बदल झाले, तरी पहिलं वर्ष जडच राहिलं. पोट पहिल्या वर्षावर भरत असेल, तर माणूस रोज नवा दरवाजा शोधणार.

मला विचारात पाडलं ते एका साध्या तक्त्याने. विमा कंपन्या आपला धंदा किती टिकला हे १३व्या, २५व्या, ३७व्या, ४९व्या आणि ६१व्या महिन्याला मोजतात : विकलेल्यांपैकी किती पॉलिसी त्या टप्प्यावर चालू आहेत. माझ्या यादीकडे मी या नजरेने पाहायला लागलो तेव्हा दिसलं की शब्दाखातर घेतलेल्या पॉलिसी लवकर थांबतात. मित्राने पहिला हप्ता मैत्रीसाठी भरलेला असतो. दुसऱ्या वर्षी मैत्री तशीच असते, पण हप्ता भरायला तेवढं कारण पुरत नाही. मुलीच्या शिक्षणासाठी किंवा डोक्यावरच्या कर्जासाठी, हिशोब समजून विमा घेतलेला अनोळखी माणूस मात्र स्वतः फोन करून तारीख विचारतो.

दुसरी गोष्ट मार्चची. आमचं क्लोजिंग मार्चमध्ये, त्यामुळे पॉलिसींचा पाऊस त्या महिन्यात पडतो आणि वार्षिक हप्त्याची तारीखही मग कायमची मार्चमध्येच येते. माझ्या ऊसपट्ट्यात ३१ मार्च ही विकास सोसायटीच्या पीक कर्जाची तारीख. त्या पंधरवड्यात घरातला पैसा न् पैसा कर्ज नवं-जुनं करण्यात जातो. म्हणजे आमच्या सोयीच्या महिन्यात आम्ही शेतकऱ्याच्या गळ्यात वीस वर्षांची अडचण बांधत होतो. हल्ली मी आधी विचारतो : कारखान्याचं बिल कधी येतं, दुधाचा पगार कसा होतो, हळद कधी विकता? हप्त्याचा महिना त्यावरून ठरवतो. मार्चचा माझा आकडा त्याने कमी झाला, पण पुढच्या वर्षांचे हप्ते वेळेवर यायला लागले.

पण मत खऱ्या अर्थाने बदललं ते क्लेमच्या कामाने. माणूस गेल्यावर घरी गेलं की पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं : ‘भाऊजी, ह्यांनी काय काय काढलं होतं, मला काहीच माहीत नाही.’ बाँड सापडत नाही. लग्नाआधी काढलेल्या पॉलिसीवर नॉमिनी म्हणून आईचं नाव असतं आणि ती माउली आधीच गेलेली असते. पत्ता जुन्या भाड्याच्या घराचा, बँकेचं खातं बंद पडलेलं. पॉलिसी विकताना दाखवलेलं सगळं कौशल्य त्या ओसरीवर निरुपयोगी असतं. तिथे उपयोगी पडते ती मधल्या वर्षांत कोणीतरी घातलेली एखादी फेरी.

कायद्यातले बारकावेही याच मधल्या वर्षांतले आहेत. हप्ता चुकला तर मासिक पॉलिसीला १५ दिवस आणि इतरांना ३० दिवस सवलत मिळते. त्या दिवसांत विमा चालू असतो. ते उलटले की पॉलिसी लॅप्स होते. पुढे काही वर्षांपर्यंत ती पुन्हा चालू करता येते, पण एक किंमत मोजून. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे ३ वर्षं पूर्ण झाली की कंपनीला पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली की ही ३ वर्षं नव्याने मोजली जातात. दहा वर्षं जुन्या विमेदाराचं हे संरक्षण एका विसरलेल्या हप्त्याने मागे जातं. हे त्याला सही करताना सांगून लक्षात राहणार नाही. ज्या महिन्यात हप्ता थकला, त्याच महिन्यात सांगावं लागतं. आणि ज्या रकमेवर दहा वर्षं कोणी हक्क सांगत नाही, ती ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जाते. वारस पुढेही मागू शकतात, पण मागायला मुळात माहीत तर हवं.

म्हणून ग्राहकाशी नातं म्हणजे वाढदिवसाचा मेसेज आणि दिवाळीचं कॅलेंडर, असं मला आता वाटत नाही. लग्न झालं की नॉमिनी बदलून घेणं, मूल झालं की विमा पुरेसा आहे का ते पाहणं, पॉलिसी कुठे ठेवली आहे हे घरातल्या वहिनींना समोर बसवून सांगणं, हे नातं आहे. धंदा करणाऱ्या माणसावर कर्ज असेल, तर १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पॉलिसी काढता येते आणि ती रक्कम सावकाराच्या हाती न लागता बायको-मुलांसाठी सुरक्षित राहते, हे वेळेत सांगणं हे नातं आहे. कधीकधी ‘ही पॉलिसी घेऊ नका, आधी साधा मुदत विमा घ्या’ असं सांगणंही. त्यात कमिशन थोडं मिळतं. पण असं सांगितलेला माणूस पुढे आपल्या भावाला घेऊन येतो.

हा धंदा मुळातच विश्वासाचा आहे. १९ जानेवारी १९५६ रोजी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झालं. २४५ कंपन्या आणि संस्था त्यात आल्या. विमेदारांच्या पैशांचा झालेला गैरवापर हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. संस्था उभी करून विश्वासाची हमी देता येते, पण गावातल्या माणसाला तो विश्वास दिसतो तो एजंटच्या वागण्यात.

नवी मुलं मला विचारतात, ‘दादा, हे सगळं खरं, पण पहिली दोन वर्षं खायचं काय?’ प्रश्न रास्त आहे. जुन्या ग्राहकाची सेवा करण्याचे वेगळे पैसे मिळत नाहीत, आणि नव्याकडे जुना ग्राहकच नसतो. ओळखीच्या दारात त्याला जावंच लागेल. मीही अजून जातो. फक्त मी त्याला सांगतो की ओळखीने दार उघडलं तर आत गेल्यावर हिशोब मांड, भीड घालू नकोस. ज्याला कारण पटलेलं नाही त्याची सही घेऊ नकोस.

आणि ज्यांच्या हातात आहे त्यांना माझं सांगणं आहे. मार्च संपल्यावर होणाऱ्या सत्कारात पहिलं नाव सर्वाधिक नव्या पॉलिसी विकणाऱ्याचं असतं. ते ६१व्या महिन्यात सर्वाधिक पॉलिसी चालू ठेवणाऱ्याचं असावं. पहिल्या वर्षाच्या कमिशनमधला काही भाग पुढच्या वर्षांकडे सरकवावा. तसं झालं, तर जे शिकायला मला निम्मी कारकीर्द लागली, ते नव्या मुलाला पहिल्याच वर्षी परवडेल.