दाब धरायचा कोणी?

वाफेची 100 मीटर लांबीची पोलादी लाइन 30 अंशांवरून 180 अंशांवर गेली की सुमारे 18 सेंटीमीटरने वाढते. ही वाढ जिरवायला मध्ये बेलोज बसवतात. हार्मोनियमच्या भात्यासारखा तो मिटतो, उघडतो.

सलग पाइपात दाबाचा लांबीच्या दिशेचा ताण पाइपाची भिंतच पेलते. ती कापून तिथे लवचिक घड्या घातल्या की तो ताण पेलणारे तिथे कोणी उरत नाही. आतला दाब बेलोजला ताणत दोन्ही बाजूंचे पाइप एकमेकांपासून दूर ढकलतो. घड्यांच्या सरासरी व्यासाचे क्षेत्रफळ गुणिले दाब, एवढा हा जोर. व्यास 30 सेंटीमीटर आणि दाब दर चौरस सेंटीमीटरला 10 किलो असला तरी 7 टन!

इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यात हा जोर कोणी मोजलाच नाही. 1974 च्या मार्चमध्ये तिथल्या पाचव्या रिअ‍ॅक्टरला तडा गेलेला दिसला. तो काढून चौथा आणि सहावा रिअ‍ॅक्टर 20 इंची तात्पुरत्या पाइपाने जोडले. दोन्ही टोकांचे 28 इंची बेलोज तसेच ठेवले. आराखडा वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढला होता. दोन तोंडांच्या पातळीत 14 इंचांचा फरक, म्हणून पाइप दोनदा वळवलेला. साहजिकच दोन्हीकडचे 35 टनांहून मोठे जोर एका रेषेत आले नाहीत. ते पाइपाला मुरडत राहिले. खालची परांची वजन पेलत होती. मुरड रोखणारे काहीच नव्हते. 1 जूनला पाइप निखळला, सायक्लोहेक्झेनचा ढग पेटला आणि 28 माणसे गेली. शनिवार असल्याने कार्यालये रिकामी होती, नाहीतर आकडा आणखी वाढला असता.

हा जोर धरायचे दोन मार्ग आहेत. सरळ लाइनच्या दोन्ही टोकांना भक्कम अँकर द्यायचे आणि मधला पाइप गाइडने रेषेत ठेवायचा: पहिला गाइड बेलोजपासून 4 व्यासांच्या आत, दुसरा त्यापुढे 14 व्यासांच्या आत. नाहीतर बेलोजलाच टाय रॉड लावायचे. मात्र मग तो लांबीतली वाढ घेत नाही, फक्त आडवे सरकणे घेतो.

साइटवर इथेच गफलत होते. वाहतुकीपुरते लावलेले, बहुधा पिवळे रंगवलेले बार बसवणी झाल्यावर काढायचे असतात. त्यांच्याबरोबर टाय रॉडही सुटले, तर सगळा जोर अशा सपोर्टवर येतो ज्याच्या हिशेबात तो कधी धरलाच नव्हता. हायड्रोटेस्टमध्ये दाब दीडपट होतो, 7 टनांचे साडेदहा होतात. म्हणून पंप सुरू करण्याआधी सुपरवायझरने ड्रॉइंग हातात घेऊन प्रत्येक अँकरचे वेल्डिंग आणि प्रत्येक रॉडचा नट स्वतः पाहिलाच पाहिजे.