शहापूरचे परडे

बेळगावच्या शहापूर पेठेतील घरे रस्त्यावरूनच पाहून परतणाऱ्यास ती पेठ निम्मीच कळते. १९४८ पर्यंत सांगली संस्थानात असलेली ही विणकरांची वस्ती. घराला घर लागलेले. आत सोपा, माजघर, कोठे माग, आणि सर्वांत मागे परडे. तेथे विहीर, धुण्याचा दगड, कढीलिंब, चार फुलझाडे. न्हालेले केस मोकळे सोडून बसावे, बाळंतिणीने कोवळे ऊन घ्यावे, मन भरून आले तर कोणी न पाहता डोळे पुसावेत, यासाठी घरातील स्त्रियांना हीच काय ती हक्काची जागा.

हा आडोसा भिंतीइतकाच रीतीनेही राखलेला असे. परपुरुष खाकरल्यावाचून मागील दारी येत नसे. कायद्यानेही अशा रीतीची दखल घेतली आहे. १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमातील अठराव्या कलमाखाली एक उदाहरण आहे : एखाद्या नगराच्या रूढीनुसार शेजाऱ्याच्या खासगीपणास मोठी बाधा येईल अशी नवी खिडकी कोणास पाडता येत नाही. मात्र ती रूढी त्या गावी आहे, हे सिद्ध करावे लागते.

आज पेठेतून हिंडताना कौलांच्या ओळीत मधूनच सिमेंटची दुमजली, तिमजली घरे उभी दिसतात. पूर्वी नजर कुंपणापलीकडून येई, आता ती वरून येते. म्हणून कित्येक जण भिंतच उंच करू पाहतात. पण हिशेब करून पाहावा. भिंतीपलीकडे दहा फुटांवर खिडकी असेल आणि पाहणाऱ्याचे डोळे जमिनीपासून पंधरा फूट उंच असतील, तर सहा फुटी भिंतीच्या आडोशाला पाच फूट उंचीची बाई जेमतेम फूटभर जागेतच झाकली जाते. भिंत दहा फूट केली तर दहा फुटांपर्यंत आडोसा मिळेल खरा. पण ऊन-वारा तुटून परड्याची विहीर होईल.

वरून येणारी नजर वरच अडवावी, हे बरे. सारे परडे झाकण्याची गरज नाही. धुण्याची आणि बसण्याची जागा तेवढी निवडून तिच्यावर सात-आठ फूट उंचीचा मांडव घालावा. मधुमालती चढवली तर सावली टिकते. पावसाळ्यापुरते दोडका-घोसाळे सोडले तर भाजीही मिळते. कुंपणाला अडुळसा उत्तम : दाट वाढतो, शेळी त्याला सहसा तोंड लावत नाही, आणि खोकल्याला पाला हाताशी राहतो. मेंदीही छाटून दाट ठेवता येते. शेर मात्र लेकरांच्या घरी नको. त्याचा चीक डोळ्यांस घातक.

आणखी एक गोष्ट जुन्या परड्यांकडून घेण्यासारखी आहे. दोन घरांच्या मध्ये कुंपण असे, तसे एक लहानसे दारही असे. त्यातून विरजण जाई, रात्री-अपरात्री सुईणीसाठी हाक जाई. परक्याची नजर थोपवावी, पण ही हाक ऐकू येणार नाही इतके कुंपण दाट करू नये, असे आम्हास वाटते. मांडव घालताना त्या दारापुरती जागा अवश्य सोडावी.