खानदेशातून किनाऱ्याकडे

मराठी गद्यात ‘आम्ही’ हे सर्वनाम बहुधा एकट्या माणसाने वापरलेले आहे. १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करणाऱ्या विष्णुशास्त्र्यांचा ‘आम्ही’ असा एकट्याचा होता, आणि त्यांच्या मागून आलेल्या कितीतरी संपादकांचा व टीकाकारांचाही. प्रस्तुत लेखातला ‘आम्ही’ मात्र शब्दशः दोघांचा आहे. आम्ही पतिपत्नी. दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. एक जळगावात, एक धुळ्यात. या दोन गावांमध्ये नव्वदएक किलोमीटरचे अंतर आहे आणि गेली सतरा वर्षे आमचा संसार त्या अंतरावर पसरलेला आहे. शनिवारी दुपारी एकाने एसटीने दुसऱ्याकडे जायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीने परतायचे, मधल्या रात्री साडेनऊला फोनवर बोलायचे. आजी जळगावात होती म्हणून मुलगी जळगावात वाढली. आता तीही शिकायला पुण्यास गेली. धुळ्याची नोकरी सोडून जळगावात रिकाम्या होणाऱ्या जागेसाठी अर्ज करावा की नाही, हा प्रश्न गेल्या दिवाळीत आमच्यापुढे होता. तो घरात बसून सुटेना, तेव्हा भाऊबीज उरकून आम्ही सायकली आणि दोन माणसांचा एक तंबू घेऊन कोकणात उतरलो. दहा दिवस, नऊ रात्री. इतके सलग आम्ही एकत्र राहिल्याला किती वर्षे झाली, हे दोघांनाही नक्की सांगता आले नाही.

जोडीने सायकलवर हिंडणे ही काही नवी गोष्ट नव्हे. फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन या अमेरिकन दांपत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातली मंदिरे पाहत सायकलवरून प्रवास केला आणि १९०४ साली त्यावर दोघांच्या नावाने पुस्तक काढले. पुस्तकाच्या नावातच चौदा हजार मैलांचा उल्लेख आहे. त्या चौदा हजार मैलांत ही दोघे एकमेकांशी किती दिवस अबोला धरून होती, हे कळले असते तर आम्हांला अधिक उपयोग झाला असता. असो.

कोकण खानदेशात आले ते माणसांच्या रूपाने. इतिहासाचार्य राजवाडे पेणजवळच्या वरसईचे. त्यांचा देह १९२६ साली धुळ्यात पडला आणि त्यांच्या कागदपत्रांभोवती तिथे संशोधन मंडळ उभे राहिले. विनोबा त्याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती उतरवून घेतली साने गुरुजींनी. गुरुजी तर दापोली तालुक्यातल्या पालगडचे. १९२४ पासून काही वर्षे ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, आणि तेवढ्यावर आम्ही खानदेशी मंडळी त्यांना सरळ आमचे म्हणतो. ‘श्यामची आई’ आमच्याकडे घरोघरी असते. त्यातली आगरे, ओहोळ, ओट्या-पडव्या आम्ही पाहिलेल्या नव्हत्या. केळी आणि कापसाच्या काळ्या रानात बसून आम्ही त्या वाचल्या, आणि पुढे इतकी वर्षे वर्गात शिकवल्या. तेव्हा पालगड वाटेवर असणे हे आधीच ठरलेले होते.

निघताना एक सायकल जळगावहून पार्सलने गेली, दुसरी धुळ्याहून चाळीसगावमार्गे. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर दोन्ही एकत्र आल्या, लाँचमध्ये चढल्या आणि रेवसला उतरल्या. सागरी महामार्ग म्हणतात तो इथून थेट दक्षिणेला रेडीपर्यंत जातो.

महामार्ग हा शब्द ऐकून खानदेशी माणसाच्या डोळ्यांपुढे येतो तो सुरत-नागपूर रस्ता: सरळ, सपाट, ट्रकांनी भरलेला. किनाऱ्याचा रस्ता याच्या अगदी उलट स्वभावाचा आहे. समुद्राच्या कडेने पाणी पाहत जावे अशी आमची कल्पना होती. प्रत्यक्षात समुद्र दिवसाकाठी घटकाभर दिसे. रस्ता गावात उतरतो, नारळी-पोफळीच्या बागांमधल्या अरुंद गल्लीतून वाकडातिकडा जातो, गाव संपताच जांभ्याच्या सड्यावर चढतो, सडा संपला की पुन्हा खाली येतो आणि खाडीपाशी चक्क थांबतो. नकाशावर बोटभर असलेले अंतर पायांना दिवसभर पुरते. कोकणच्या वर्णनांत चढ फारसे का येत नाहीत, याचे आम्हांला नवल वाटत राहिले. कदाचित ज्यांनी ती लिहिली ते गाव सोडून गेलेले होते, आणि आठवणीत चढ लागत नाही.

चढावर ज्याचा त्याचा गिअर. जोडीने सायकल चालवणे असे म्हणतात खरे, पण अरुंद रस्त्यावर शेजारी-शेजारी चालताच येत नाही. धुळेकरीण चढाला चिवट, ती पुढे जाई आणि माथ्यावर एखाद्या गडग्यावर बसून राही. जळगावकर उताराला बेफिकीर, तो खाली खाडीशी जाऊन थांबे. दिवसाचा बराच भाग आम्ही एकमेकांच्या नजरेआड असू. एकत्र उभे राहणे घडे ते फेरीबोटीवर. आगरदांड्याहून दिघीला, बागमांडल्याहून वेश्वीला, दाभोळहून धोपाव्याला, तवसाळहून जयगडला अशा चार खाड्या आम्ही बोटीने ओलांडल्या. रायगडात हिला जंगलजेटी म्हणतात. ट्रक, दुचाक्या, माशांच्या टोपल्या, शाळेची पोरे यांच्यामध्ये सायकली कठड्याला टेकवून ठेवायच्या. पुढची काही मिनिटे करण्यासारखे काही नसते. या खाड्यांवर आता पुलांची कामे निघाली आहेत. गावकऱ्यांच्या सोयीचेच ते आहे, दवाखान्याच्या वाटेवर बोटीची वाट पाहणे काय असते हे त्यांना ठाऊक. आम्हांला मात्र बोटी असताना जायला मिळाले याचे बरे वाटले.

लोक विचारीत, कुठले? जळगाव आणि धुळे, असे सांगितले की एकाच घरची माणसे दोन गावांची नावे का घेतात, हे त्यांना उमगत नसे. प्रश्न सायकलीबद्दल असला तर जळगावकराला विचारला जाई, मुलाबाळांबद्दल असला तर धुळेकरणीला. केळशीत एका आजींनी अंगणात तंबू ठोकू दिला, पण रात्री दव फार पडते म्हणून ओटीवर या, असे दोनदा सांगून गेल्या. आजींचे खरे होते. पहाटे तंबूचे कापड आतून-बाहेरून निथळत होते.

खरी अडचण रस्त्यावरची नव्हतीच. तिसऱ्या रात्री दिवेआगरला सुरूच्या बनाच्या कडेला मुक्काम होता. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या पोफळी आडव्या केल्या होत्या; लावलेली नवी झाडे हाताला यायला वर्षे लागतात, हे ज्याच्या बागेत पाणी प्यायलो तो माणूस सांगत होता. त्याच्याकडून परतलो, दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि साडेनऊच्या सुमारास दोघेही एकदम गप्प झालो. ही आमची फोनची वेळ. दिवसभरात काय घडले हे सांगण्याची वेळ. पण दिवस तर दोघांनी एकत्रच काढलेला. हाताच्या अंतरावर असलेल्या माणसाला काय सांगायचे, हे आम्हांला सुचेना. चौथ्या रात्रीही तेच झाले. सतरा वर्षांत आमचे बोलणे फोनच्या मापाचे झाले होते.

हर्णैला संध्याकाळचा माशांचा लिलाव पाहून आणि दापोलीला चढून सहाव्या दिवशी पालगडला पोचलो. गुरुजींचे घर स्मारक म्हणून जपले आहे. त्याविषयी इथे लिहिण्यासारखे फार नाही. अशी घरे रिकामी असतात आणि ती रिकामीच असायची. लिहायचे ते दापोली-पालगड वाटेविषयी. दापोलीच्या शाळेत शिकणारा श्याम ही वाट पायी तुडवून घरी येतो. आमच्या वर्गांत ‘श्यामची आई’ संस्कारांचे पुस्तक म्हणून शिकवले जाते आणि त्यातले रडणे हा चेष्टेचा विषय होतो. त्या वाटेवर पाय भरून आल्यावर वाटले, हे आधी चालण्याचे पुस्तक आहे. आई आणि मुलगा यांच्यामध्ये सदैव काही कोस आहेत आणि जे काही घडते ते त्या कोसांमुळे.

त्या रात्री एका देवळाच्या आवारात तंबू होता. पुस्तकाची प्रकरणे म्हणजे रात्री आहेत, बेचाळीस. हे आठवून जळगावकर म्हणाला, १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून गुरुजींना हे कोकण दिसले ते दूर असल्यामुळेच. पालगडातच राहिले असते तर त्यांनी ते लिहिलेच नसते. धुळेकरीण तंबूच्या बाहेर, कापडाला पाठ लावून बसली होती. ती म्हणाली, दोन गावांत राहणाऱ्यांना हा सिद्धांत फार सोयीचा आहे. पण त्याच पुस्तकात शेवटी काय होते ते सांग. आई जाते तेव्हा मुलगा तिथे नसतो. तो पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो.

यावर पुस्तकाविषयी बोलणे शक्य नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत एसटी थांबली, जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि जळगावकर तापाने अंथरुणाला खिळला. मुलगी तेरा वर्षांची. तीच प्राणवायूचे आकडे फोनवर वाचून दाखवी आणि धुळ्यात कुणीतरी ते वहीत लिहून घेई. नव्वद किलोमीटर त्या अकरा दिवसांइतके लांब पूर्वी कधी नव्हते. त्या वहीबद्दल आम्ही कधीच बोललो नव्हतो. पालगडला बोललो, कापडाच्या दोन बाजूंना बसून, एकमेकांचे तोंड न पाहता, अगदी फोनवर बोलावे तसे. वही अजून आहे, हे जळगावकराला तेव्हा कळले. त्या रात्री साडेअकरा वाजले.

पुढचा प्रवास सोपा गेला असे नव्हे. दाभोळच्या उतारावर ब्रेकचे रबर झिजून संपले, गुहागरात अर्धा दिवस दुकान शोधण्यात गेला, आणि जयगडनंतरच्या चढावर धुळेकरणीने सायकल ढकलत नेली. पण साडेनऊची शांतता पुन्हा झाली नाही. रत्नागिरीला सायकली रेल्वेत चढवल्या.

अर्ज मात्र अजून केलेला नाही. जळगावची जागा कधी भरतील याचा नेम नाही आणि धुळ्यातले दोन विद्यार्थी प्रबंधाच्या ऐन मध्यावर आहेत. मुदतीपर्यंत पाहू, असे ठरले आहे. मधल्या काळात एवढे झाले की थंडीत महिन्यातले दोन रविवार आम्ही आपापल्या गावाहून पहाटे सायकलवर निघतो आणि पारोळ्याला भेटतो. धुळ्याहून ते पस्तीसएक किलोमीटर, जळगावहून पंचावन्नच्या आसपास, त्यामुळे धुळेकरीण आधी पोचते. किल्ल्याजवळच्या टपरीवाल्याला आता ठाऊक झाले आहे: पहिला चहा आल्याआल्या, आणि दुसरा एरंडोलच्या बाजूने सायकल दिसल्यावर.