हिरडा, गूळ आणि गंजके खिळे

जयपूरहून अजमेरच्या रस्त्याने तीसेक किलोमीटर गेलं की बगरू लागतं. तिथल्या छीपा, म्हणजे कापड छापणाऱ्यांच्या मोहल्ल्यात माणसांआधी भेटतो तो आवाज. ठप्, ठप्, ठप्. गोणपाटाच्या घड्या घालून मऊ केलेल्या लांबलचक टेबलावर पांढरं कापड ताणलेलं असतं. कारागीर ठसा रंगाच्या तबकात टेकवतो, कापडावर ठेवतो, त्याच्या पाठीवर एक थाप देतो आणि पुढे सरकतो. ठसे सागवानाचे किंवा शिसवीचे. नवा ठसा आधी तेलात मुरवतात, म्हणजे लाकूड तडकत नाही. लाकडात आरपार बारीक भोकं ठेवलेली असतात. थाप पडली की अडकलेली हवा त्यांतून निघून जाते. एकाच फुलासाठी तीन-तीन ठसे लागतात: ‘रेख’ कडा काढते, ‘गद’ पार्श्वभूमी भरते आणि ‘दत्ता’ आतला रंग.

माझी पाच वर्षांची लेक टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून हे सगळं बघत होती. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, “आजोबा, लाल कधी करणार?” कारागीर हसून म्हणाले, “लाल आम्ही करत नाही बेटा, तो येतो.”

ते खरंच होतं. बगरूचं कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवतात. त्याला सायीसारखा पिवळसर रंग चढतो. मग जिथे लाल हवा तिथे तुरटीची खळ छापतात. नक्षी दिसावी म्हणून तिच्यात जरासा गेरू घालतात, पण खरा लाल त्यात नसतो. तो उगवतो मोठ्या हंड्यात, पूर्वी मंजिष्ठेच्या आणि आता बहुधा ॲलिझरीनच्या उकळत्या पाण्यात, धायटीच्या फुलांच्या सोबतीने. तुरटी जिथे असेल तिथेच तो पक्का बसतो. काळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. जुनं लोखंड आणि गूळ पाण्यात घालून मुरवत ठेवायचे. उन्हाळ्यात लवकर होतं, थंडीत उशिरा. ते पाणी चिंचोक्याच्या पिठाने दाट केलं की झाली ‘स्याही’. नीळ तर हवेचीच वाट बघते: कुंडातून निघालेलं कापड हिरवट असतं, वारा लागला की निळं होत जातं.

पुण्याला परतल्यावर आम्ही काळ्याच्याच मागे लागलो, कारण त्याचं सगळं साहित्य घरात किंवा कोपऱ्यावर मिळण्यासारखं होतं. काष्ठौषधींच्या दुकानातून हिरड्याची पूड आणली. गंजके खिळे जुन्या अवजारांच्या डब्यात होतेच. गुळाचा खडा लेकीने स्वतः फोडला, त्यातला एक तुकडा तोंडात टाकला आणि उरलेला बरणीत. बरणी बाल्कनीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवली आणि खाली एक कागद लावला: ‘हे प्यायचं नाही’. अक्षरं तिचीच. रोज शाळेतून आल्यावर ती स्टुलावर चढायची, माझा हात धरून बरणीत डोकवायची. आधी बुडबुडे आले, मग फेस, मग आंबूस वास. “आई, ते जिवंत आहे,” असं तिने जाहीर केलं. आंबत असलेल्या पाण्याबद्दल याहून अचूक बोलणं अवघड आहे.

छापायच्या दिवशी जुन्या धोतराचे दोन तुकडे जमिनीवर मांडले. एक हिरड्याच्या पाण्यातून काढून वाळवलेला, दुसरा कोराच. ठसा म्हणून भेंडीचा देठाकडचा काप. लेकीने तो आधी कोऱ्या तुकड्यावर दाबला: चहाच्या डागासारखं फिकट, तांबूस चक्र उमटलं. मग तीच भेंडी, तेच पाणी, हिरड्याच्या तुकड्यावर. आधी करडं चांदणं दिसलं. पाहता पाहता त्याच्या पाकळ्या राखाडी झाल्या, कडा गडद झाल्या आणि ते काळं झालं. तिने हात मागे घेतला होता. काम मात्र चालूच होतं. तिने कापडाकडे पाहिलं, मग भेंडीकडे, मग परत कापडाकडे. “हिला कसं कळलं?”

हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड भेटले की काळा होतो, एवढं मी सांगितलं. पण त्या क्षणी माझं उत्तर दुय्यम होतं. प्रश्न तिच्या हातातून आला होता, हे महत्त्वाचं.

राजस्थानातला छीपा समाज संत नामदेवांना आपला मानतो. आपण त्यांना शिंप्याच्या घरातले, पंढरीचे म्हणून ओळखतो; गुरु ग्रंथसाहेबात त्यांची 61 पदं आहेत. त्याच ग्रंथात कबीरांच्या सलोकांमध्ये एक संवाद येतो. कापड छापत बसलेल्या नामदेवांना संत त्रिलोचन टोकतात. नामदेव सांगतात की हातपाय कामात असले तरी चित्त देवापाशी आहे. लहान मुलाला ही दुहेरी कसरत करावीच लागत नाही. भेंडी दाबताना लेकीचा हात, डोळा आणि मन एकाच ठिकाणी होतं. आपण मोठी माणसं ज्याला एकाग्रता म्हणून कमवू बघतो, ते तिथे जमिनीवर मांडी घालून बसलं होतं.

म्हणून मला वाटतं, मुलांसोबत घरी काही करायचं तर खऱ्या वस्तूंनी करावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालवाड्या चालवल्या, तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून पानं, बिया, खडे, शिंपले मुलांपुढे मांडले. त्यामागे काटकसर होती, तसाच विश्वासही होता: आजूबाजूचं जग मुलाला शिकवू शकतं. आखलेल्या चौकटीत रंग भरायच्या तयार संचात शेवट आधीच ठरलेला असतो. बरणीतल्या पाण्याचं तसं नाही. ते ऊन बघतं, दिवस घेतं आणि कधी अपेक्षेपेक्षा फिकट उतरतं. मूल वाट बघायला शिकतं ते अशा पाण्यापाशी. तिरका पडलेला ठसा मी सरळ करत नाही; तो तिने दाबला आहे.

त्या तुकड्याची आम्ही उशीची खोळ शिवली. ती अजून वापरात आहे, धुण्यात थोडी विटली आहे. लेकीला मात्र खोळीत आता रस नाही. हिरड्याने जे केलं ते आणखी कोण करेल, हा तिचा सध्याचा शोध आहे. चहाच्या चोथ्याने कापड करडं झालं, ते तिला पटलं. आता डाळिंबाची सालं उन्हात वाळत घातली आहेत, आणि कुणी ती कचऱ्यात टाकू नयेत यासाठी तिचा पहारा आहे.