मॅकमिनव्हिलचे लाकडी विमान

अमेरिकेच्या ओरेगन राज्यात पोर्टलंडहून नैर्ऋत्येला निघालेला रस्ता विलामेट नदीच्या खोऱ्यातून, द्राक्षमळे आणि हेझलनटच्या बागांमधून जातो. मॅकमिनव्हिल गाव जवळ आले की काचेच्या दर्शनी भिंतींच्या अवाढव्य इमारती दिसू लागतात. शेजारच्या जलक्रीडा केंद्राच्या छतावर तर चक्क एक बोइंग 747 उभे केलेले आहे. हेच एव्हरग्रीन विमान संग्रहालय. आत अमेरिकन उद्योजक हॉवर्ड ह्यूजचे एच-4 हर्क्युलिस हे विमान आहे, लोकांच्या तोंडी ‘स्प्रूस गूस’. पंखांचा विस्तार सुमारे 97 मीटर, बांधणी बहुतांशी बर्चच्या लाकडाची. दुसऱ्या महायुद्धात सैन्य आणि सामान अटलांटिकपार नेण्यासाठी ते आखले गेले, पण पूर्ण होईतो युद्ध संपले होते. 2 नोव्हेंबर 1947 रोजी लाँग बीचच्या बंदरात ते जेमतेम दीड किलोमीटर उडाले, ते पहिले आणि शेवटचेच उड्डाण.

तरीही ते टिकले, आणि कसे टिकले हे पाहण्यासारखे आहे. 1976मध्ये मरेपर्यंत ह्यूजने ते स्वतःच्या खर्चाने हँगरमध्ये जपले. त्यानंतर त्याचे तुकडे करून निरनिराळ्या संग्रहालयांना वाटण्याची योजना निघाली. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या एरो क्लबने पुढाकार घेतला म्हणून ते वाचले आणि लाँग बीचला ‘क्वीन मेरी’ जहाजाशेजारच्या घुमटात गेले. पुढे तिथला कारभार डिस्नेकडे आला, त्यांना विमानात रस नव्हता. मग ते सुटे करून समुद्रमार्गे आणि नद्यांतून 1993मध्ये मॅकमिनव्हिलला आणले गेले, आणि 2001मध्ये त्याच्यासाठी बांधलेले संग्रहालय उघडले. प्रत्येक वळणावर विमानाचे भवितव्य त्याच्या ऐतिहासिक मोलावर नव्हे, तर त्या घडीला खर्च कोण उचलतो यावर ठरले.

एव्हरग्रीनमध्ये हा खर्च उचलत होता उद्योजक डेलफर्ड स्मिथ. 2013च्या अखेरीस त्याची विमान कंपनी दिवाळखोरीत गेली, पुढच्याच वर्षी तो वारला. संग्रहातली बरीच विमाने त्याच्याच कंपन्यांच्या नावावर होती. साहजिकच ती धंद्याच्या देण्याघेण्यात ओढली गेली, आणि बी-17 बॉम्बरसारखी विमाने मॅकमिनव्हिल सोडून गेली. इमारतीही 2016मध्ये एका समारंभ-सभागृहांच्या कंपनीकडे गेल्या, तीही 2018मध्ये दिवाळखोरीत निघाली. याच संग्रहालयातले एसआर-71 टेहळणी विमान मात्र जागचे हलले नाही. ते अमेरिकन हवाई दलाच्या संग्रहालयाचे, इथे फक्त उसने दिलेले. कोणत्याही सावकाराला त्यावर हात टाकता येत नव्हता. माझे म्हणणे इतकेच आहे: जुन्या विमानाची मालकी आणि संग्रहालय चालवण्याचा धंदा एका हातात असता कामा नये. एच-4ही बचावले, पण इतके मोठे लाकडी विमान हलवायचे कुठे, हा प्रश्नच त्याच्या कामी आला असावा. अशा योगायोगावर वारसा सोपवता येत नाही.

विकले गेलेले विमान नव्या मालकाकडे उडू लागले तर बिघडले कुठे, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. उडणाऱ्या विमानाची देखभाल कसून होते आणि ती कारागिरी जिवंत राहते. पण 2 ऑक्टोबर 2019 रोजी कनेटिकटमध्ये ‘नाइन-ओ-नाइन’ हे बी-17 कोसळले आणि सात जण मृत्युमुखी पडले. नवे बी-17 आता कुठे बनणार नाही. काही उडावीत, पण कोणती, हे लिलावाने ठरू नये.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, आणि तो मुंबईतून येतो. 1971च्या युद्धात लढलेली विमानवाहू युद्धनौका ‘विक्रांत’ सरकारी मालकीचीच होती. 1997मध्ये ती निवृत्त झाली, संग्रहालय म्हणून लोकांनी ती पाहिली, 2012मध्ये सुरक्षेच्या कारणावरून ते बंद झाले आणि 2014मध्ये ती भंगारात निघाली. म्हणजे सरकारी शिक्का पुरेसा नाही, हे मान्यच करावे लागते. एसआर-71 उसने देणारी संस्था ठणठणीत उभी होती, वस्तू जपणे हेच तिचे काम होते. ‘विक्रांत’च्या वाट्याला डागडुजीचा कायमचा निधी कधी आलाच नाही. आपल्याकडे यापुढे एखादे विमान किंवा जहाज संग्रहालयासाठी मागितले जाईल, तेव्हा उद्घाटनाची तारीख ठरवण्याआधी दोन गोष्टी कागदावर मागा: मालक कोण, आणि पुढच्या पन्नास वर्षांच्या देखभालीचा पैसा कोणत्या खात्यात ठेवला आहे.