कुळथाचं कढण

झाकली मूठ सव्वा लाखाची. लाखाची का नाही? हा वरचा पाव लाख आला कुठून, हे काही डोक्यातून जात नाही. दक्षिणा सव्वा रुपया, सत्यनारायणाचा शिरा सव्वाच्या मापाचा, इथपर्यंत ठीक आहे. शुभकार्यात पूर्णांकावर थांबू नये, थोडं पुढे चालू ठेवावं. पण मूठ हे काही शुभकार्य नव्हे. तिच्यात बहुतेक वेळा काहीच नसतं, म्हणून तर ती झाकायची. जे मुळात नाहीच त्याचा भाव ठरवताना म्हण करणाऱ्याने पंचवीस हजार वाढवून का लावले असतील? ऐकणाऱ्याला वाटावं की हा आकडा कुणीतरी खरोखर मोजलेला दिसतोय, म्हणून? लाख म्हटलं की थाप वाटते. सव्वा लाख म्हटलं की हिशेब वाटतो.

इथे खमरियात शेजारीपाजारी हीच गोष्ट हिंदीत म्हणतात, ‘बंद मुट्ठी लाख की’, आणि श्वास न घेता पुढे, ‘खुल गई तो खाक की’. आमच्या घरात मूठ उघडल्यावरचं कुणी कधी बोललं नाही. वडिलांचा पगार कुणी विचारला की आई म्हण म्हणायची आणि पदराखाली खरोखरच मूठ वळायची.

मूत्रपिंड केवढं असतं, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टरांनी टेबलावर आपली मूठ ठेवली. एवढं. लांबी दहा-बारा सेंटिमीटर, आणि प्रत्येकात सुमारे दहा लाख गाळण्या. दहा लाखांना सव्वा लाखाने भागलं तर बरोबर आठ येतात. रात्री झोप येत नाही तेव्हा माणूस असले भागाकार करतो. माझ्या डाव्या मूत्रपिंडात साडेचार सेंटिमीटरची गाठ आहे. दुखत नाही, खुपत नाही. तिने होऊन मला कधीच काही कळवलं नाही.

आणि मौज अशी की ती अजून झाकलेलीच आहे. मला वाटत होतं, आधी सुई घालून तुकडा काढतील, तपासतील आणि मग सांगतील. मूत्रपिंडाच्या बाबतीत बरेचदा तसं करत नाहीत. सीटी स्कॅनवर जे दिसतं त्यावरून सर्जनला पुरेसा अंदाज येतो. गाठ काढतात आणि ती काय होती ते नंतर पॅथॉलॉजीवाले सांगतात. थोड्या गाठी निरुपद्रवीही निघतात. डॉक्टरांनी हे सांगितलं आणि लगेच म्हणाले, ‘पण त्यावर अवलंबून राहू नका.’ जमलं तर गाठीपुरता भाग काढू, नाही तर पूर्ण मूत्रपिंड. ते आत गेल्यावर कळेल. भागच काढायचा असेल तर तेवढ्या वेळापुरती रक्तवाहिनी चिमट्याने बंद ठेवतात, आणि तो वेळ साधारण अर्ध्या तासाच्या आत ठेवायची धडपड असते. मी मान डोलावली. माझं सगळं आयुष्य आकड्यांच्या मर्यादा पाळण्यात गेलं आहे.

हे फॅक्टरीत न गेलेल्याला सांगावं लागेल. खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी दुसऱ्या महायुद्धातली. २०२१च्या ऑक्टोबरपासून ती म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये गेली आणि मुख्यालय पुण्याला झालं, पण आमच्या तोंडी ती नुसती फॅक्टरीच राहिली. दारूगोळा भरायचा तर गेटवर बिडी-काडीपेटी बाहेर ठेवायची, अंगावर सुती कपडे, पायात वेगळे बूट, ठिणगी न पाडणारी अवजारं. आत शिरण्याआधी पट्टीला हात लावून अंगातली वीज जमिनीत सोडायची. आणि दारावर पाटी: माल जास्तीत जास्त इतका, माणसं जास्तीत जास्त इतकी. पाटीवर चार लिहिलं असेल तर पाचव्याने, मग तो साहेब का असेना, बाहेर थांबायचं. नोकरीला लागलो तेव्हा मला वाटे, ही गर्दी टाळण्याची सोय आहे. पुढे उमगलं की उडालंच तर बरोबर किती जण जातील, हे ती पाटी आधीच ठरवून ठेवते. इमारतीभोवती मातीचा उंच बांध असतो, त्याचंही तेच. बांधाने स्फोट थांबत नाही. तो शेजारच्या इमारतीपर्यंत पोचू नये एवढंच बांध बघतो.

तर ही बातमी घरात आली तेव्हा मी नकळत पाटी लावली. माणसं तीन: ही, मुलगा आणि मी. नागपूरची ताई बाहेर. आई बाहेर. आईचं वय बघता ती तर फार लांब, दोन बांध ओलांडून. मला हे लपवणं वाटलंच नाही, सुरक्षेचा नियम वाटला. पण बांधाच्या बाबतीत आम्ही एक प्रश्न कधी विचारत नसू. शेजारची इमारत वाचली हे खरं, पण आतल्यांना त्या मातीचा उपयोग काय? बांधाची माती तर आतल्यावरच जास्त कोसळत असेल. आणि ही मर्यादा मी नक्की कुणासाठी आखली? आईला त्रास होऊ नये म्हणून, की तिचा चेहरा मला बघावा लागू नये म्हणून? दोन्ही उत्तरं रोज आलटून पालटून खरी वाटतात.

न सांगण्याचं शिक्षण मात्र मला तिच्याच घरात मिळालं. वडीलही त्याच फॅक्टरीत. आज काय भरलं, किती भरलं, हे घरी बोलायचं नाही, आणि ते बोललेही नाहीत. ७१च्या लढाईच्या दिवसांत ओव्हरटाइम करून रात्री उशिरा यायचे. सी.ई. नावाच्या पिवळ्या पुडीचं काम असलं की हात हळद लागल्यासारखे पिवळे. ते कितीही धुतले तरी पोळीवर बोटं उमटायची. आईने कधी विचारलं नाही. ती पाण्याचं घंगाळ आणि साबण ठेवायची, इतकंच. १९९७च्या मे महिन्यात पहाटे भूकंप झाला आणि आख्खी कॉलनी रस्त्यावर आली, तेव्हा जमीन हलली आहे हे कुणाच्या मनातच आलं नाही. सगळ्यांच्या माना फॅक्टरीकडे. आईच्या तोंडून निघालं, ‘कोणती पाळी आहे आत?’ म्हणजे इतकी वर्षं तिला सगळं माहीत होतं. तिच्या पाटीवर तिने स्वतःचा आकडा लिहून ठेवला होता, आमच्यापैकी कुणाला न दाखवता.

आता मध्येच एक जुनी गोष्ट, कारण ती मला सोडत नाही. मूत्रपिंडाच्या नेहमीच्या गाठीचा काप पिवळा दिसतो, पेशींमधल्या चरबीमुळे. १८८३ साली ग्रावित्झ नावाच्या जर्मन डॉक्टरला त्या पिवळेपणावरून वाटलं की ही गाठ मूत्रपिंडाची नसून वर टोपीसारख्या बसलेल्या दुसऱ्याच ग्रंथीची, चुकून इथे राहिलेली. तो चुकला होता, पण त्याचं नाव गाठीला दीर्घकाळ चिकटून राहिलं. त्याच्या आधी, २ ऑगस्ट १८६९ रोजी, हायडेलबर्गमध्ये गुस्ताव सिमोनने ठरवून एक पूर्ण मूत्रपिंड काढलं. ते कर्करोगासाठी नव्हतं. बाईच्या आधीच्या शस्त्रक्रियेत मूत्रनलिका दुखावली होती आणि लघवी सतत गळत होती. एकावर माणूस जगतं का, हे कळायला त्याने आधी कुत्र्यांची मूत्रपिंडं काढून पाहिली. कुत्री जगली. बाईही जगली. मी त्या बाईचा विचार करतो. तिला कुत्र्यांबद्दल सांगितलं असेल का? की तिच्याही दारावर पाटी होती? एकाच मूत्रपिंडावर जन्मलेलं माणूस हजारात एखादं असतं आणि पुष्कळदा त्याला आयुष्यभर पत्ताही नसतो, हे वाचून मला जितका धीर यायला हवा होता तितका आला नाही. त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत आहे.

तयारी मात्र चालू आहे. प्लॅस्टिकच्या यंत्रातले तीन निळे गोळे श्वास ओढून वर धरायचे. दोनच वर जातात, तिसरा नुसता हलतो. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची ते कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी फिटनेस दिला, रक्तदाबावर जराशी कुरकुर करून. आणि इथेच पाटी फुटली, कारण रुग्णालयाने रक्तदाते आणायला सांगितले. बाटलीपुरतं रक्त मागायचं तर कशाला ते सांगावं लागतं. शेजारच्या भैयांना सांगितलं तर ते म्हणाले, ‘भाईसाब, चार लडके भेज दूँगा, पूछेंगे भी नहीं.’ ‘पूछेंगे भी नहीं’ ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाईट वाटलं. कुणीतरी विचारावं, असंही आत काही आहे म्हणायचं. आता कुणाला किती सांगितलं याचा हिशेब हिला वहीत लिहावा लागतो. पाटीवरचे तीन कधीच ओलांडले, आणि काही उडालं नाही. निदान आवाज तरी झाला नाही.

आईला मात्र आम्ही मुतखडा सांगितला आहे. डावीकडे खडा आहे, काढायचाय. ती म्हणाली, ‘खड्याला कापतात कशाला? कुळथाचं कढण घे.’ तेव्हापासून रोज संध्याकाळी ती स्वतः उठून कुळीथ शिजवते, लसूण-जिऱ्याची फोडणी देते आणि पेला पुढे करून मी संपवेपर्यंत उभी राहते. मूत्रपिंडात गाठ असलेल्याने हे घ्यावं का, म्हणून डॉक्टरांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, वाटीभराने काही बिघडत नाही. चव खरं तर चांगली असते. ती समोर उभी असते तेव्हा मला कधी वाटतं, हिला काही माहीत नाही. कधी वाटतं, हे घंगाळ आणि साबणच आहे.

काल पेला घेताना म्हणाली, ‘खडा काढला की बाटलीत घालून देतात ना? मला आणून दाखव.’

मुलगा म्हणतो, त्यात काय, ग्वारीघाटावरून एखादा उचलून आणू. ही म्हणाली, नर्मदेचा आणाल तर पंचाईत होईल, नर्मदेचा कंकर म्हणजे शंकर. आईच्या हातात पडला की तो देवघरातच जाणार, आणि मग आपण सगळ्यांनी तुमच्या खड्याला रोज बेल वाहायचा का? आम्ही तिघं हसलो, बराच वेळ. आतून आईने विचारलं, ‘काय झालं?’ कुणी उत्तर दिलं नाही. मुलगा रविवारी घाटावर जाणार आहे म्हणतो. मी त्याला हो म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. नंतर त्याने विचारलं, ‘बाबा, केवढा आणू?’ मूत्रनलिकेतून सरकणारा खडा पाच-सहा मिलिमीटरचा असतो, हे मला ठाऊक आहे. मी बोटांनी दाखवायला गेलो, तर बोटं साडेचार सेंटिमीटरवर जाऊन थांबली.