माळ्यावरून उतरलेली पेटी

बरीच वर्षे न वाजवलेल्या पेटीची तपासणी भात्यापासून सुरू करतात. सगळ्या खुंट्या आत ढकलायच्या आणि भाता मारायचा. थोड्याच वेळात तो घट्ट होऊन आणखी हलेनासा झाला, तर पेटी शाबूत. फुसफुसत राहिला, तर हवा कुठून तरी निसटते आहे.

प्रस्तुत लेखकाची पेटी रत्नागिरीच्या घरी माळ्यावर २२ वर्षे पडून होती. खाली उतरवली तेव्हा भाता मुळी घट्ट होईचना. कोपऱ्यांवरचे चामडे वाळून चिरले होते आणि एका घडीला तांदळाच्या दाण्याएवढे भोक पडले होते. बहुधा कसरीचे काम. मऊ चामड्याचा तुकडा आणि सरस एवढ्यावर ते भागले.

कोकणातला पावसाळा पेटीच्या मुळावर येतो. लाकूड फुगते, पट्ट्या एकमेकींना घासतात, दाबलेली पट्टी वर येत नाही आणि तिचा सूर कोकलत राहतो. पट्ट्यांखालची बनात ओल धरते. सूर म्हणजे पितळी पाटीवर बसवलेली पितळी जिभली. ती फटीत मोकळी हलली तरच बोलते; धुळीचा बारीकसा कणही तिला मुकी करतो. या पेटीत पांढरी सात मुकी होती, म्हणजे काळी एकच्या षड्जाने नेमका कोमल निषाद. पातळ कागदाची पट्टी जिभलीखाली अलगद सरकवून काढली, तेव्हा राखाडी कापसाचा एक धागा बाहेर आला आणि निषाद बोलला.

जिभलीचे टोक घासले की सूर चढतो, मुळाशी घासले की उतरतो. तत्त्व इतके सोपे असले, तरी घासलेले पितळ परत येत नाही. सूर लावण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे.

यानंतर वाजवणाऱ्याची दुरुस्ती. ती जास्त वेळ खाते.

उजवा हात लवकर वळणावर येतो. ‘सारेग, रेगम’ असे पलटे चार दिवसांत सुटू लागतात. लहानपणी प्रवेशिकेच्या परीक्षेसाठी घोटलेली भूपाची सरगम पहिल्याच बैठकीत बोटांतून निघाली, ती मात्र सलग वाजवली तरच. मध्येच थांबून ‘आता पुढे गंधार की पंचम?’ असा विचार केला, की गाडी अडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची.

डावा हात मात्र सगळे विसरलेला असतो. नवशिके तो फक्त वारा घालायला वापरतात आणि परतलेला वादकही पहिले काही आठवडे नवशिकाच असतो. प्रत्येक स्वर सारख्याच जोराने येतो, पेटीचा भोंगा होतो. पेटीवर मोठा आक्षेप असा, की तिचे स्वर जागच्या जागी बांधलेले; त्यातून मींड निघत नाही आणि श्रुतींचे बारकावे दाखवता येत नाहीत. याच कारणांसाठी १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. आक्षेप खोटा नाही. पण गोविंदराव टेंबे यांच्यापासून गोविंदराव पटवर्धनांपर्यंतच्या वादकांनी याच पेटीवर गायकी उभी केली, आणि त्यात भात्याचा वाटा मोठा. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना हवेचा दाब किंचित सैल केला, आधीची पट्टी क्षणभर उशिरा सोडली, की दोन स्वरांमधली भिंत कानाला कमी जाणवते. मींड नव्हे, मींडेचा भास.

हे जमण्यासाठी प्रस्तुत लेखकाने रोज दहा मिनिटे एकच षड्ज धरण्याचा रियाज केला: बारीक सुरू करून मोठा करायचा आणि तुटू न देता पुन्हा बारीक. घरच्यांना हा प्रकार फार कंटाळवाणा वाटला, आणि तो तसा आहेच. दीड महिन्यानंतर मोठा होताना सूर स्थिर राहू लागला. बारीक होताना अजून तुटतो.

पेटी आता बाहेरच्या भिंतीपासून दूर, सुती धोतराखाली झाकून ठेवलेली असते. दर आठवड्याला एकदा सगळ्या पट्ट्या वाजवल्या जातात. तार सप्तकातला एक धैवत अजून उतरलेला आहे. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तो लावून घ्यायचा आहे.